बोबडी रामरक्षा कुणाला पोचते?

अशुद्ध उच्चारलेली प्रार्थना देवाला पोचते का, हा प्रश्न आमच्या धारवाडातल्या माळमड्डीच्या घरात सत्यनारायणाच्या दिवशी निघाला. पूजा आटोपल्यावर आमच्या चार वर्षांच्या नातीनं आपण होऊन पाटावर बसून रामरक्षा सुरू केली. तिच्या तोंडी ती ‘लामलक्षा’ असते. र अजून तिच्या जिभेवर आलेला नाही, आणि ख, घ, भ यांतला ह कुठं येतो, कुठं गळतो. गुरुजींनी चार ओळी ऐकल्या आणि मला बाजूला बोलावून सांगितलं, “बाई, जीभ वळेपर्यंत तिला स्तोत्र म्हणायला लावू नका. अपशब्दाचा दोष लागतो.” बोलणं सौम्य होतं, पण सांगणं ठाम होतं.

त्याच सुमारास तिच्या शाळेतून सूनबाईला बोलावणं आलं. तिथल्या शिक्षिकेचं म्हणणं असं, की घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि वर्गात इंग्रजी, यानं मुलीचा गोंधळ उडालाय. उच्चार त्यामुळंच साफ होत नाहीत. तेव्हा घरातली मराठी काही वर्षं बंद करा. सूनबाई रडवेली होऊन घरी आली. “आई, आपण चुकतोय का हो?” असं तिनं मला विचारलं.

एकानं लेकराला देवापुढं गप्प बसायला सांगितलं, दुसरीनं घरात. दोघांच्या सांगण्यामागची समजूत एकच होती: उच्चार आधी शुद्ध व्हावा, मग बोलावं. माझी सगळी नोकरी धारवाडात संस्कृत शिकवण्यात गेली. उच्चाराची किंमत मला कुणी सांगायला नको. म्हणूनच ही समजूत मला मुळात तपासून घ्यावीशी वाटली, भाषेच्या बाजूनंही आणि धर्माच्या बाजूनंही.

आधी लेकराचं बोलणं नीट ऐकू या, कारण दोष द्यायची घाई करणारे ते क्वचितच ऐकतात. आमची नात ‘खाऊ’ला ‘काऊ’ म्हणते, ‘घंटा’ला ‘गंटा’ म्हणते, ‘भूक’ची ‘बूक’ करते. हे तिनं मनचं काढलेलं नाही. ती दिवसभर ज्या पोरांत खेळते त्यांच्या बोलीतल्या कन्नडमध्ये हे महाप्राण, म्हणजे ह मिसळलेले वर्ण, सैलच पडतात. अस्सल द्राविडी शब्दांत ते जवळजवळ नसतातच, संस्कृतातून आलेल्या शब्दांत लिपीपुरते टिकतात. मराठीत दोन च आहेत, चमच्यातला आणि चिमणीतला. लिहायला एकच अक्षर, म्हणायला जिभेच्या दोन जागा. कन्नडमध्ये चिमणीतलाच च चालतो, म्हणून ती चमचाही त्याच च-नं म्हणते. कन्नड शब्दाला स्वरावर संपायची सवय, म्हणून तिची बस ‘बस्सु’ होते. उलट ळ आणि ण तिला फार लवकर आले. ‘केळं’, ‘बाळ’, ‘पाणी’ ती लख्ख म्हणते, कारण हे दोन्ही वर्ण तिला घरात आणि दारात, दोन्हीकडं ऐकू येतात.

आता माझ्या मुलीचा मुलगा पाहा. तो न्यू जर्सीत वाढतोय, वय साधारण हेच. घरात मराठी, बाहेर सगळी इंग्रजी. व्हिडिओ कॉलवर ही दोघं भावंडं बोलतात तेव्हा मी पेन्सिल घेऊन बसते. तो ‘केळं’ला ‘केलं’ म्हणतो, आणि आमची नात त्याला लगेच “केलं नाही की, केळं!” म्हणून सांगते. पण तोच ‘काका’ म्हणायला गेला की ‘खाका’ असं ऐकू येतं, कारण इंग्रजीत शब्दाच्या आरंभीच्या क-मागं श्वासाचा झोत येतो, आणि त्या सवयीनं त्याचा मराठी क फुगतो. एक भावंड ‘खाऊ’चा ‘काऊ’ करतं, दुसरं ‘काका’चा ‘खाका’. मराठी दोघांचीही घरचीच. शेजारची भाषा एकीकडून एक वर्ण सैल करते आणि दुसरीकडून दुसरा बळकट करते. धारवाडच्या मराठी घरातल्या पोरांचा ळ टिकला, त्यात कन्नडचा वाटा आहे, आणि त्याबद्दल आपण कन्नडचे ऋणी असायला हवं.

राहिला र. तो या दोघांनाही येत नाही, आणि तो शेजाराचा प्रश्न नाही, वयाचा आहे. ल म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागं टेकून राहतं आणि हवा बाजूंनी निघते. र साठी त्याच जागी जिभेनं क्षणभर आपटून लगेच सुटायचं असतं. जागा लेकराला सापडलेली असते, वेळ साधलेली नसते. म्हणून राम ‘लाम’ होतो, आणि हुबळी-धारवाड रस्त्यावरची ‘चिगरी’ बस ‘चिगली’ होते.

सूनबाईच्या जिवाला स्वस्थता नव्हती म्हणून आम्ही नातीला हुबळीच्या एका स्पीच थेरपिस्टकडं नेलं. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत शिकलेली ती मुलगी. तिनं आधी कान तपासले. ऐकू नीट येत नसेल तर उच्चाराची बाकी सगळी चर्चा फुकट, असं ती म्हणाली. मग चित्रं पुढं ठेवून तीच नावं एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये वदवून घेतली. राजाचा ‘लाजा’ झाला आणि रोट्टीची ‘लोट्टी’ झाली, म्हणजे र दोन्ही भाषांत नाही. पण या वयाला त्याची वाट बघायला हरकत नाही. महाप्राणांची गळती फक्त मराठीत जाणवते, कारण तिच्या कन्नडला त्यांची गरजच पडत नाही. तो दोष नव्हे, दोन भाषांची ये-जा आहे. खरा वाग्दोष असेल तर तो मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो, एकीतच दिसत नाही. आणि दोन भाषा ऐकल्यानं वाग्दोष होत नाही. घरची भाषा बंद केल्यानं तो बराही होत नाही. एवढं ऐकून सूनबाईचा चेहरा उजळला. शाळेचं उत्तर मिळालं होतं. गुरुजींचं उत्तर मला शोधायचं होतं.

गुरुजींची बाजू मी हलकी मानत नाही. पतंजलीच्या महाभाष्यात, अगदी पहिल्या आह्निकात, म्हणजे पहिल्या प्रकरणात, व्याकरण का शिकावं याची कारणं सांगताना असुरांची गोष्ट येते. त्यांना शत्रूंना उद्देशून ‘हे अरयः’ म्हणायचं होतं, ते ‘हेलयः’ म्हणाले, आणि त्यांचा पराभव झाला. र-च्या जागी ल. माझ्या नातीची चूक जशीच्या तशी, दोन हजार वर्षांहून जुन्या ग्रंथात. तिथंच इंद्रशत्रूची गोष्टही आहे: स्वराचा आघात चुकला, अर्थ उलटला, आणि इंद्राला मारणारा व्हायचा तोच इंद्राकडून मारला गेला. वेद ज्यांनी पदपाठ, क्रम, जटा, घन अशा पाठांनी एकेका स्वरासकट तोंडी जपला, त्यांनी उच्चाराचा एवढा धाक बाळगला नसता तर आज आपल्या हाती काय राहिलं असतं? हा धाक मला मान्य आहे.

पण पतंजली तिथं थांबत नाही, आणि गुरुजी जिथं थांबले त्याच्या पुढची गोष्ट मला सांगायची होती. त्याच आह्निकात ‘यर्वाण-तर्वाण’ नावाच्या ऋषींचा उल्लेख आहे. त्यांना ‘यद्वा नः, तद्वा नः’ असं म्हणायचं असे, पण बोलताना ते ‘यर्वाणः, तर्वाणः’ म्हणत. द-चा र, न-चा ण. लोकांनी त्यांचं नावच त्यावरून पाडलं. पतंजली त्यांना कमी लेखत नाही. धर्म प्रत्यक्ष पाहिलेले, जाणण्याजोगं सारं जाणलेले, अशी विशेषणं तो त्यांना लावतो. आणि भेद स्पष्ट करतो: हे ऋषी रोजच्या बोलण्यात तसं म्हणत, यज्ञकर्मात मात्र चुकत नसत, असुर यज्ञकर्मात चुकले, म्हणून हरले. म्हणजे उच्चाराची कडक शिस्त आहे ती यज्ञाच्या वेदीपाशी. घरातल्या आणि अंगणातल्या वाणीला ती लावलेली नाही.

मी हे गुरुजींना सांगितलं. त्यांना गोष्ट ठाऊकच होती. ते म्हणाले, “बाई, ते ऋषी होते. त्यांना शुद्ध येत होतं.” मी म्हटलं, “गुरुजी, येत असून न म्हणणाऱ्या ज्ञान्याला मोकळीक, आणि जिभेला अजून जमत नाही त्या लेकराला दोष, हे मला न्यायाचं वाटत नाही. आणि संध्याकाळचं देवघर म्हणजे वेदी नव्हे.” त्यांना ते पटलं नाही. स्तोत्र हाही मंत्रच, असं ते म्हणाले. आमचा मतभेद तसाच राहिला आहे, आणि त्यांच्याविषयीचा माझा आदरही.

माझं मन ज्या ठिकाणी स्थिर झालं ते ठिकाण भर्तृहरीचं आहे. पाचव्या शतकाच्या आसपासचा हा वैयाकरण शब्दालाच ब्रह्म मानतो. त्याच्या वाक्यपदीयात, ब्रह्मकांडाच्या शेवटाकडं, अपभ्रंशाचा विचार चालू असताना तो एक उदाहरण घेतो, आणि ते उदाहरण लहान मुलाचंच आहे. बोलायला शिकणारं मूल आईला अस्पष्ट हाक मारतं, आणि भाषा जाणणाऱ्याला त्या अस्पष्ट हाकेतून स्पष्ट शब्द कळतो. शब्द मुलाच्या मनात पुरा असतो. अपुरा असतो तो बाहेर आलेला ध्वनी. भर्तृहरीच्या परंपरेत वाणीच्या पायऱ्या सांगितल्या आहेत: पश्यंती, मध्यमा, वैखरी. श्वास, कंठ, जीभ आणि दात यांचा संबंध येतो तो वैखरीत. लेकराची चूक होते ती तिथं. मध्यमेत, म्हणजे मनात उमटलेल्या शब्दात, चूक असेलच असं नाही.

हे केवळ श्रद्धेचं बोलणं असतं तर मी ते इतक्या ठामपणे मांडलं नसतं. एका संध्याकाळी मी नातीला मुद्दाम तिच्याच उच्चारात विचारलं, “लाम कुठं गेला?” तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. “असं का म्हणायलीस, अज्जी? लाम नाही. लाम!” मी पुन्हा ‘लाम’ म्हटलं, ती पुन्हा रागावली. मग मी “राम” म्हटलं तेव्हा समाधानानं “हां, लाम” म्हणाली. तिच्या कानाला र आणि ल यांतला फरक पुरता कळतो. माझी चूक तिला खपत नाही. तिच्या मनात राम आहे, जिभेवर लाम आहे, आणि आपण राम म्हटला याबद्दल तिला शंका नाही. जीन बर्को आणि रॉजर ब्राऊन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1960 साली असंच एक मूल नोंदवलं आहे. ते आपल्या खेळण्यातल्या माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणे. मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलं की नाकारी, आणि ‘फिश’ म्हटलं की “हो, माझा फिस” म्हणून मान्य करी. भर्तृहरी वाचलेल्या माणसाला ही नोंद ओळखीची वाटते.

व्हँकुव्हरच्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांचं 1984 मधलं काम तर आपल्या त आणि ट यांवरच आहे. इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतल्या दंत्य त आणि मूर्धन्य ट यांतला फरक ओळखत. वर्षाची होत आली की त्यांची ती ओळख मावळे, कारण तो फरक त्यांच्या कानावर पडतच नसे. हिंदी ऐकणाऱ्या बाळांची ओळख टिकून राही. म्हणजे लेकरू जन्मतं तेव्हा कान सगळ्या वर्णांना खुला असतो, आणि आपण बोलत राहतो तेवढेच वर्ण त्यात उरतात. न्यू जर्सीतल्या माझ्या नातवाचा ळ उद्या येईल की नाही, हे त्याच्या जिभेपेक्षा त्याचे आईबाप त्याच्याशी किती बोलतात यावर जास्त अवलंबून आहे. मराठी बंद करा असं सांगणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

मग देवाचं काय? अंतर्यामी या कल्पनेला काही अर्थ असेल तर तो हाच, की तो मध्यमा ऐकतो. माणसाला वैखरीची गरज आहे, कारण माणूस दुसऱ्याच्या मनात शिरू शकत नाही. ज्याला शिरता येतं त्याच्यासाठी र आणि ल यांचं अंतर उरत नाही. उरत असेल, तर तो अंतर्यामी नाही, वर्गात पट्टी घेऊन बसलेला मास्तर आहे. मी श्रद्धेनं बोलते आहे. राम ‘लाम’ म्हणून पोचत नसेल, तर तो मुक्याच्या मनातूनही पोचणार नाही, आणि असा देव आपल्या कुठल्याच संतानं सांगितलेला नाही. बाराव्या शतकात बसवण्णांनी कन्नडमध्ये वचनं रचली, 1290 मध्ये ज्ञानदेवांनी मराठीत गीता आणली, ती काय संस्कृत येत नव्हतं म्हणून? जी वाणी आईच्या कडेवर शिकली जाते तीही देवापाशी चालते, हे त्यांनी करून दाखवलं. आणि ‘विठ्ठल’ हे नाव तरी कुठं शुद्ध संस्कृत? रा. गो. भांडारकरांचं मत असं होतं, की विष्णू या नावाचंच कन्नड जिभेवर ‘बिट्टी’, ‘विट्टू’ असं रूप झालं आणि त्यातून विठ्ठल आला. होयसळांचा विष्णुवर्धन राजा आधी बिट्टिदेव म्हणूनच ओळखला जाई. हे मत सगळ्यांना मान्य नाही, पण ते खरं असेल तर पंढरीला आपण एका उच्चारबदलालाच हात जोडतो.

आमच्या या भागात तर हे रोज कानांवर येतं. हुबळीच्या सिद्धारूढ मठात मराठी मुलखातून आलेला माणूस आणि नवलगुंदकडचा शेतकरी शेजारी बसून ‘नमः शिवाय’ ही एकच पंचाक्षरी म्हणतात. कुणाचा शिव ‘सिव’ होतो, कुणाच्या शब्दाला शेवटी स्वर चिकटतो. सिद्धारूढ स्वामी 1929 मध्ये समाधिस्थ झाले, तेव्हापासून तिथला जप या मिसळलेल्या उच्चारांतच चालू आहे. द. रा. बेंद्रे याच धारवाडचे. घरची भाषा मराठी, आणि कन्नड कवितेसाठी 1973 चं ज्ञानपीठ. घरातल्या मराठीनं त्यांच्या कन्नडचं काय बिघडवलं? गदगचे भीमसेन जोशी कन्नड घरात वाढले, आणि मराठी अभंग ऐकताना महाराष्ट्र त्यांच्यापुढं डोळे मिटून बसला. दोन भाषांत वाढलेली जीभ अपुरी राहते असं म्हणायला निदान धारवाडात तरी कुणी धजू नये.

उच्चार कसाही चालेल, असं मात्र मी म्हणत नाही. तसं म्हणणं हाही लेकरावर अन्याय आहे. त्याचा वारसा त्याला अर्धा देण्यासारखं आहे. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात उच्चार कसा करावा यासाठी वाघिणीचा दृष्टांत दिला आहे. वाघीण पिलाला दातांत धरून नेते, ते पडू नये आणि त्याला दात रुतू नयेत, इतक्याच जोरानं. वर्ण तसे उच्चारावेत. वर्षानुवर्षं मी हे मुलांना वर्णांबद्दल म्हणून शिकवलं. आता मला वाटतं, शिकवणाऱ्यानं लेकरालाही तसंच धरावं. त्याच ग्रंथात अधम पाठकांची यादी आहे. घाईनं म्हणणारा, मान हलवत म्हणणारा, यांच्या जोडीला अर्थ न जाणता म्हणणाराही तिच्यात आहे. बोबडं बोलणाऱ्याला नावं ठेवण्याआधी, अर्थ न कळता खडाखड म्हणणाऱ्या आपण मोठ्यांनी ती यादी पुरी वाचावी.

आमच्या घरी आम्ही काय करतो ते सांगते. नात “लाम आला” म्हणाली की मी “हो, राम आला” म्हणते, आणि पुढं बोलत राहते. दहा वेळा म्हणून दाखव असं तिला सांगत नाही. पाहुण्यांपुढं तिचा लाम वदवून हसत नाही, आणि हसणाऱ्याला थांबवते. ख आणि घ असलेले शब्द बोलण्यात मुद्दाम जास्त आणते: खीर, घंटा, खिडकी. रामरक्षेतली एखादी ओळ रोज तिला अर्थासकट सांगते. घरात मराठी चालू आहे. कन्नड तिची तिला येतेच आहे, आणि ती तिनं उत्तम शिकावी अशीच आमची इच्छा आहे.

हुबळी-धारवाडातल्या आणि दूरदेशीच्या मराठी आईबापांना माझी विनंती आहे. मूल चार वर्षांचं झालं आणि परक्या माणसाला त्याचं बोलणं कळत नसेल, तर लाजू नका, आधी कान तपासून घ्या, मग वाक्-उपचार करणाऱ्याकडं न्या, आणि दोन्ही भाषा तपासायला सांगा. शाळेनं सांगितलं म्हणून घरची भाषा बंद करू नका. आणि मूल देवापुढं आपण होऊन काही म्हणत असेल, तर ते शेवटपर्यंत म्हणू द्या.